सप्लायरला पुढच्या तारखेचे चेक द्यायचे का? २२ वर्षं चेक फाडणाऱ्याचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत मॉड्युलर फर्निचरचं वर्कशॉप नवीन टाकलंय, हरियाणातल्या यमुनानगरची प्लायवाली पार्टी ६ लाखांचा माल उधारीवर द्यायला तयार आहे, पण बदल्यात २-२ लाखांचे ३ चेक मागतेय, ३०, ६० आणि ९० दिवसांच्या तारखांचे, आणि वर सही केलेला एक कोरा चेक 'सिक्युरिटी' म्हणून. माल दोन गाड्यांत येणार. बँकेचं खातं वडिलांच्या नावावर आहे, सह्या तेच करतात. द्यावेत का, आणि दिले तर रिस्क काय?

मी वकील नाही, कोल्हापुरात प्लाय-लॅमिनेटचं दुकान आहे, २२ वर्षं झाली. या काळात किती पीडीसी (पोस्ट-डेटेड, म्हणजे पुढच्या तारखेचे चेक) फाडले त्याचा हिशोब नाही, त्यातले ३ परत आले, एकात वकिलाची नोटीस आली आणि थोडक्यात वाचलो. त्यामुळं जे सांगतोय ते ठेच लागून शिकलेलं आहे असं समजा.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. बहुतेक जणांना वाटतं पुढच्या तारखेचा चेक म्हणजे 'मी अमुक तारखेला पैसे देईन' असा शब्द. शब्द दिला आणि पाळता नाही आला तर माणूस फोन करून चार दिवस मागून घेतो. चेक दिल्यावर ते चार दिवस द्यायचे की नाही हे समोरच्याच्या हातात जातं. तारीख उजाडली की तो बँकेत टाकू शकतो, तुमच्या गिऱ्हाईकानं तुम्हाला पैसे दिलेत का नाही याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. तुमच्याकडं पैसे येणार ते बंगलेवाल्याच्या, बिल्डरच्या, इंटेरियरवाल्याच्या मर्जीनं, आणि जाणार मात्र छापलेल्या तारखेला. सगळी गडबड इथंच आहे.

माझंच सांगतो. धंद्याच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका बाहेरच्या पार्टीला ४ चेक दिले होते, प्रत्येकी १५ दिवसांच्या अंतरानं. एका बिल्डरकडून यायचे पैसे लटकले. दुसऱ्या चेकच्या आधी मी त्या पार्टीच्या शेठला फोन केला, शेठ भला माणूस, म्हणाला काही हरकत नाही, आठ दिवस थांबतो. मी निर्धास्त. पण शेठच्या ऑफिसात चेक सांभाळणारा पोरगा वेगळा, त्याच्या डायरीत तारीख लिहिलेली, त्यानं सकाळी गठ्ठा उचलला आणि बँकेत नेऊन टाकला. चेक परत. शेठनं माफी मागितली, पण बँकेनं चार्ज लावला तो लावलाच (त्यावर तेव्हाचा सर्व्हिस टॅक्स पण), आणि माझ्या सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे स्टॉकवर मिळणाऱ्या कर्जाच्या) अकाउंटचा मॅनेजर पुढं कितीतरी दिवस माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघत होता. तेव्हापासून फोनवर मिळालेल्या मुदतीवर मी विश्वास ठेवत नाही, व्हॉट्सॲपवर का होईना चेक नंबरासकट लिहून घेतो, 'चेक क्र. अमुक, तारीख अमुक, तमुक तारखेपर्यंत टाकणार नाही' एवढं एक वाक्य. त्यानंही चेक बँकेत जायचा थांबत नाही, पण उद्या भांडण झालं तर हातात काहीतरी असतं.

आता कायद्याचं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट १८८१ चा, पण त्यातलं कलम १३८ लागू झालं १ एप्रिल १९८९ पासून. चेक परत गेला की २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण लगेच पोलीस दारात येतात असं नाही, तसं सांगून लोक उगाच घाबरवतात. बँकेकडून चेक परत गेल्याचं कळल्यापासून ३० दिवसांत त्यानं लेखी नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यावर तुम्हाला १५ दिवस पैसे द्यायला, तेवढ्यात दिले तर विषय संपला, नाही दिले तर पुढच्या एका महिन्यात तो कोर्टात तक्रार करू शकतो. म्हणजे ते १५ दिवस सोन्याचे आहेत. आणि कृपा करून नोटीस 'घेणार नाही' म्हणून पोस्टमनला परत पाठवू नका, आमच्या पेठेत अजून हा उद्योग चालतो. बरोबर पत्त्यावर पाठवलेली नोटीस मिळाली असंच कोर्ट धरतं, तुमचे ते १५ दिवस मात्र फुकट जातात.

दुसरं म्हणजे कलम १३९. सही तुमची आहे म्हटल्यावर चेक खऱ्या देण्यापोटीच (म्हणजे कर्ज-उधारी फेडायलाच) दिलाय असं कोर्ट आधी गृहीत धरतं, तसं नव्हतं हे तुम्ही दाखवायचं. एरवी फिर्यादीनं सिद्ध करायचं असतं, इथं गंगा उलटी. आणि 'मला काय माहीत चेक परत जाईल' हा बचाव चालत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय. २०१८ च्या दुरुस्तीनंतर आरोप नाकारला तरी केस चालू असतानाच चेकच्या २०% पर्यंत रक्कम समोरच्याला द्यायचा हुकूम कोर्ट करू शकतं. निर्दोष सुटलात तर परत मिळते, पण तोवर तुमचं खेळतं भांडवल तिकडं अडकलेलं.

तुमच्या केसमध्ये सगळ्यात मोठी अडचण मला वेगळीच दिसते, ती म्हणजे गाव. २०१५ च्या दुरुस्तीपासून चेक ज्याच्या नावानं आहे त्याचं खातं ज्या शाखेत, तिथल्या कोर्टात केस चालते. म्हणजे तुमचा चेक सांगलीच्या बँकेचा असला तरी तारखा जगाधरीच्या कोर्टात, कारण यमुनानगर जिल्ह्याचं कोर्ट तिथं बसतं. दीड हजार किलोमीटरच्या पुढं. तुमची बाजू शंभर टक्के खरी असली तरी दर तारखेला वकील, प्रवास, दोन-तीन दिवस वर्कशॉप बंद. २ लाखांच्या चेकसाठी हे परवडत नाही, मग माणूस चूक नसताना सेटलमेंट करून मोकळा होतो. समोरच्यालाही हे चांगलं माहीत असतं.

आता कोऱ्या चेकवर येतो. देऊ नका. यात मला दुसरं मत नाही.

लोक म्हणतात कोरा चेक आहे, रक्कम त्यानं भरली, अक्षर त्याचं, म्हणजे खोटा ठरेल. नाही ठरत. सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की स्वखुशीनं सही करून दिलेला कोरा चेक नंतर दुसऱ्यानं भरला तरी १३९ चं गृहीतक लागू होतं, तो देण्यापोटी नव्हता हे तुम्हीच दाखवायचं. 'सिक्युरिटी चेक होता' एवढं म्हणून पण सुटका नाही, २०२१ मध्ये श्रीपती सिंग आणि सुनील तोडी या दोन्ही निकालांत कोर्टाचा सूर हाच की नाव सिक्युरिटी असलं तरी टाकायच्या दिवशी खरं देणं उभं असेल तर तो चेकच. माझ्या ओळखीच्या एका लॅमिनेटवाल्याचं झालं ते असं. पार्टीशी सहा-सात वर्षांचे संबंध, सुरुवातीला दिलेला कोरा चेक दोघांच्याही विस्मरणात गेलेला, नंतर मालाच्या रेटवरून बिनसलं, लॅमिनेटवाला माल दुसरीकडून घ्यायला लागला, आणि एक दिवस तो जुना चेक, सगळी बाकी, उशिराचं व्याज आणि 'स्कीम परत घेतली' असलं काहीबाही धरून भरून बँकेत. त्यातले निम्मे पैसे यानं आरटीजीएसनं आधीच दिले होते. शेवटी लेजर, बँक स्टेटमेंट सगळं दाखवून मिटलं, पण दीड वर्ष गेलं त्यात.

चेक हा व्यवहारापेक्षा जास्त जगतो. ऑर्डर बदलते, माल कमी येतो, रेट फिरतो, थोडे पैसे आधी दिले जातात, पण चेकवरचा आकडा होता तोच राहतो. तारखेचं पण तसंच, चेक ३ महिने चालतो (२०१२ च्या आधी ६ महिने होता), आणि ते ३ महिने मोजायचे चेकवरच्या तारखेपासून, दिल्या दिवसापासून नाही. म्हणजे तुमचा ९० दिवसांचा चेक साधारण सहा महिने समोरच्याच्या ड्रॉवरमध्ये जिवंत. एकदा परत गेला म्हणून मेला असंही नाही, मुदतीत परत टाकता येतो आणि दुसऱ्यांदा परत गेल्यावरही केस होते. बिनतारखेचा दिलात तर तारीख पण त्याच्याच पेनात, त्यामुळं तसला तर अजिबातच नको.

थोडे पैसे आधी दिले तर काय, हे नीट समजून घ्या, कारण ९०% भानगडी इथं होतात. समजा २ लाखांचा चेक आहे, तारखेआधी तुम्ही ८० हजार आरटीजीएस केले. २०२२ मध्ये दशरथभाई पटेल विरुद्ध हितेश पटेल या केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की अशा वेळी चेकवर तेवढी रक्कम मिळाल्याची नोंद करायला हवी, तशी नोंद न करता पूर्ण २ लाखांचा टाकला तर १३८ बसत नाही, कारण त्या दिवशी देणं तेवढं नव्हतंच. निकाल तुमच्या बाजूचा, छान, पण तो वापरायची वेळ जगाधरीत येणार हे विसरू नका. त्यापेक्षा सरळ उपाय, पैसे पाठवायच्या आधी बोलायचं की १ लाख २० हजारांचा नवीन चेक देतो, जुना परत पाठवा किंवा दोन तुकडे करून फोटो टाका. आणि रोख देऊन चेक सोडवायच्या भानगडीत पडू नका. एका दिवसात एका पार्टीला १० हजारांच्या वर रोख दिली तर तो खर्च इन्कम टॅक्समध्ये धरत नाहीत, आणि मुख्य म्हणजे पुरावा राहत नाही. पैसे गेले, चेक तिकडंच, असे किती दाखवू.

आता माल. तुम्ही ३ चेक आजच देणार आणि माल दोन गाड्यांत येणार. पहिली गाडी आली, दुसरी आलीच नाही, किंवा ७१० (पाण्यात टिकणारी प्लाय) सांगून ३०३ (त्याखालच्या दर्जाची) टाकली, किंवा १९ एमएमच्या शीटात कोअरला (आतल्या थरांत) गॅप, कापल्यावर फळी सुटतेय, तर काय? नुसत्या ऑर्डरपोटी आगाऊ चेक दिला आणि ऑर्डरच रद्द झाली तर देणंच उभं राहिलं नाही म्हणून १३८ लागत नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये इंडस एअरवेजच्या केसमध्ये म्हटलंय. पण मधल्या काळात माल आला तर देणं उभं राहिलं, मग तो आधार गेला. आणि माल अर्धा आला, अर्धा खराब, असं काहीतरी धूसर असलं की (आपल्याकडं सगळं धूसरच असतं) निकाल पुराव्यावर.

इथं लोकांचा आवडता उपाय म्हणजे स्टॉप पेमेंट. बँकेत पत्र दिलं की झालं असं वाटतं. स्टॉप पेमेंटनं परत गेलेला चेक पण १३८ मध्ये बसतो, हे १९९८ पासून ठरलेलं आहे. खातं बंद केलं तरी, सही मुद्दाम वेगळी केली तरी तेच. सुटका एकच, की त्या दिवशी खात्यात पुरेसे पैसे होते आणि स्टॉप करायला खरं कारण होतं, आणि हे दोन्ही दाखवायची जबाबदारी तुमची. मी जो थोडक्यात वाचलो म्हणालो तो इथं. पावसाळ्यात भिजलेली गाडी आली, निम्म्या शीट फुगलेल्या. मी ड्रायव्हरच्या समोर फोटो काढले, बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) 'माल ओला मिळाला' लिहून त्याची सही घेतली, त्याच दिवशी ईमेल केला, क्रेडिट नोट मागितली, चांगल्या मालाचे पैसे आरटीजीएसनं टाकले आणि मग चेक स्टॉप केला, आणि खात्यात चेकएवढे पैसे पुढचा महिनाभर हलवले नाहीत. नोटीस आली, वकिलानं या सगळ्याची फाईल जोडून उत्तर दिलं, पुढं काही आलं नाही. यातली एक गोष्ट जरी राहिली असती, विशेषतः खात्यातले पैसे, तर मीही जगाधरीसारखं कुठलं तरी गाव बघून आलो असतो.

अजून एक जी कुणी सांगत नाही. चेकवर दोन रेषा मारून 'अकाउंट पेयी' लिहिलंय का बघा. नसेल तर तो चेक मागं सही करून तिसऱ्याला देता येतो, बाजारात फायनान्सरकडं असे चेक फिरवून लोक पैसे उचलतात. मग दारात उभा राहणारा माणूस वेगळाच, त्यानं पैसे मोजून चेक घेतलाय, त्याला तुम्ही सांगणार फळी सुटली म्हणून? तो म्हणेल मला प्लायचं काय सांगता.

बँकेकडून होणारे घोळ वेगळेच. सीसी खातं असेल तर लिमिट ५ लाख म्हणून ५ लाख मिळतात असं नाही, स्टॉक स्टेटमेंटवर ड्रॉइंग पॉवर (प्रत्यक्ष किती काढता येतील तो आकडा) निघते, स्टॉक कमी झाला की ती खाली येते आणि तुम्ही तीन महिन्यांपूर्वी जुन्या हिशोबानं दिलेला चेक नेमका त्या आठवड्यात येतो. मोठ्या रकमेच्या चेकला पॉझिटिव्ह पे (चेकचा तपशील बँकेला आधीच कळवणं) भरायचं असतं, ५ लाख आणि वरच्या चेकला बँका ते सक्तीचं करू शकतात, पीडीसी दिला त्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. क्लिअरिंग पण आता पूर्वीसारखं राहिलं नाही, ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर चालू क्लिअरिंगमध्ये जातो आणि त्याच दिवशी निकाल लागतो. आमच्या काळात 'आज टाकला तर उद्या लागेल, उद्या सकाळी भरू' असा एक दिवसाचा श्वास मिळायचा, तो गेला. आणि ज्या बँकेचे चेक वाटताय ती बँक कशी आहे तेही बघा, २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला १ हजार रुपयेच काढता येत होते. तसल्या वेळी पुढचे चेक बाजारात असलेल्या माणसानं काय करायचं?

२०२० चा मार्च तर विसरणं शक्य नाही. जानेवारी-फेब्रुवारीत दिलेले एप्रिलच्या तारखांचे माझे ७ चेक बाहेर होते आणि दुकानाला कुलूप. सातही जणांना एका दिवसात फोन केले. सहा जण थांबले, कारण त्यांचेही चेक कुठंतरी अडकलेले. सातव्यानं टाकला, तो परत गेला, त्या पार्टीशी मी परत धंदा केला नाही आणि त्यानंही माझ्याशी.

टॅक्सचं थोडक्यात. ही पार्टी स्वतः प्लाय बनवणारी असेल आणि उद्यममध्ये (सरकारी लघुउद्योग नोंदणीत) सूक्ष्म किंवा लघु म्हणून रजिस्टर असेल तर तिचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. तुमचे ६० आणि ९० दिवसांचे चेक तिथंच नियमाबाहेर. इन्कम टॅक्सचं कलम ४३बी(एच) आल्यापासून असे पैसे ३१ मार्चला बाकी राहिले तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही, आणि पुढच्या तारखेचा चेक देऊन ठेवला म्हणजे पैसे दिले असं होत नाही. नुसता ट्रेडर असेल तर हा नियम लागत नाही. सीएला विचारून घ्या.

तर मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं. चेक अजिबात देऊ नका असं मी म्हणणार नाही, नवीन माणसाला चेकशिवाय कोण उधारी देणार, तिकडच्या माणसानं पण तुमच्या तोंडाकडं बघून ६ लाखांची गाडी का सोडावी. पण आजच्या आज तिन्ही देऊ नका. पहिली गाडी उतरली, माल मोजला, दोन शीट कापून बघितल्या, मग त्या बिलाच्या रकमेचा चेक. दुसऱ्या गाडीला दुसरा. चेकच्या मागं किंवा सोबतच्या पत्रात बिल नंबर, म्हणजे हा चेक कशापोटी हे उद्या कुणी नाकारू शकणार नाही. तारीख टाकताना गिऱ्हाईक ज्या दिवशी देतो म्हणतंय त्याच्या पुढं किमान १५ दिवस, मी तर २० धरतो, आणि एका चेकपेक्षा छोटे दोन बरे, ५० हजार कमी पडले म्हणून २ लाखांचा चेक परत जायला नको. पीडीसीसाठी एक वेगळी वही किंवा टॅलीत पोस्ट-डेटेड व्हाउचर, आणि तारखेआधी ५ दिवस मोबाईलला अलार्म. पैसे होणार नाहीत असं दिसलं तर त्या पाचव्या दिवशीच फोन करा, आदल्या संध्याकाळी नाही, कारण आदल्या संध्याकाळपर्यंत पोरानं गठ्ठा काढून ठेवलेला असतो.

कोऱ्या चेकवर पार्टी अडूनच बसली तर उधारी ६ ऐवजी २ लाख करून मागा, नाहीतर निम्मे पैसे गाडी सुटताना आरटीजीएस आणि निम्म्याचा चेक असं बोला. त्यावर २-३% सूट पण मागा, लगेच मिळणाऱ्या पैशाला तिकडं किंमत आहे. कुणी म्हणेल चेकपेक्षा ई-मँडेट (ठरल्या तारखेला खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी) करा, ते सोयीचं आहे पण सुरक्षित समजू नका, मँडेट पैशाअभावी परत गेला तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्टच्या कलम २५ खाली तशीच केस होते.

आणि भागीदारीत असाल तर चेकवर सही कोण करतंय हे घरी नीट बोलून ठरवा. तुम्ही लिहिलंय की खातं वडिलांच्या नावावर आहे आणि सह्या तेच करतात. चेक परत गेला की नोटीस वडिलांच्या नावानं येणार, समन्स त्यांना, वर्कशॉप तुम्ही चालवत असलात तरी. आधी स्वतःच्या फर्मचं करंट अकाउंट काढा, त्याचं चेकबुक हातात आलं की मग यमुनानगरला फोन करा.